नववी ‘ब’मधले पाच फोन: फायफॉक्स ॲप दोन वर्षं वर्गात वापरल्यावर

पाटण तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. नववी ‘ब’चा पट 46. प्रयोगशाळा आहे, पण तिच्यातल्या होकायंत्रांच्या सुया कधीच्या अडकल्यात आणि चार स्टॉपवॉचपैकी एक चालतं. अशा शाळेतल्या शिक्षकांसाठी मी हे लिहितेय. फायफॉक्स हे ॲप घ्यावं का, घेतलं तर कुठून सुरुवात करावी आणि कुठे ते आपल्याला अडवतं, एवढं मला सांगता येईल.

आधी ॲपची ओळख. जर्मनीतल्या आखेन शहरात आरडब्ल्यूटीएच नावाचं मोठं तंत्रविद्यापीठ आहे. तिथल्या भौतिकशास्त्राच्या विभागाने हे तयार केलं आणि 2016 मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. फुकट आहे, जाहिराती नाहीत. अँड्रॉइडवर चालतं, आयफोनवरही चालतं. नाव ‘फिजिकल फोन एक्सपेरिमेंट्स’ या शब्दांवरून आलंय. पुण्यात इंजिनिअरिंगला असलेला माझा भाचा दिवाळीत आला होता, त्याने ते माझ्या फोनवर टाकून दिलं.

काम साधं आहे. आपण फोन आडवा केला की पडदा आडवा होतो, कारण फोनच्या आत त्वरण मोजणारा सेन्सर असतो. नकाशात बाण फिरतो, कारण आत चुंबकीय क्षेत्र मोजणारा सेन्सर असतो. माइक असतो, बऱ्याच फोनमध्ये प्रकाश मोजणाराही असतो. हे सगळं प्रत्येकाच्या खिशात रोज चालू असतं, पण त्याचे आकडे आपल्याला कधी दिसत नाहीत. फायफॉक्स ते आकडे पडद्यावर आणतं आणि त्यांचा आलेख काढतं. मोजताना इंटरनेट लागत नाही. आमच्या गावात ही गोष्ट किती मोठी आहे, ते डोंगरावर चढून रेंज शोधलेल्या माणसालाच कळेल.

शाळेत मोबाईल आणायचा म्हटलं की दोन प्रकारची माणसं भेटतात. एकाला वाटतं की मोबाईल आला म्हणजे शाळा डिजिटल झाली, दुसऱ्याला वाटतं की मुलं वाया गेली. मी दोन्ही ऐकलंय. आमच्याकडे पूर्वी एका कंपनीचे टॅब आले होते. त्यांत धड्यांचे व्हिडिओ होते आणि मुलं ते मुकाट बघायची. दुसऱ्या वर्षी परवान्याची मुदत संपली आणि टॅब कपाटात गेले. बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोड मी अजून वापरते, त्यातलं काही चांगलं आहे. पण तिथेही मुलाच्या हाताला काम नसतं, ते बघत बसतं. फायफॉक्समध्ये मूल काहीतरी करतं, मगच पडद्यावर काहीतरी उमटतं. टाळी वाजली नाही तर आकडा येत नाही. दोन वर्षांनंतरही मी हे ॲप धरून आहे ते याच एका कारणासाठी.

पहिला प्रयोग मी ध्वनीचा घेतला. नववीच्या ‘ध्वनीचा अभ्यास’ या धड्यात लिहिलंय की 22 अंश सेल्सिअसला हवेत ध्वनीचा वेग 344 मीटर प्रति सेकंद असतो आणि म्हणून स्पष्ट प्रतिध्वनीसाठी अडथळा कमीत कमी 17.2 मीटर लांब हवा. इतकी वर्षं मी हा 344 फळ्यावर लिहीत आले आणि मुलं पाठ करत आली. तो खरा आहे का, असं मला कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही.

ॲपमध्ये आवाजावर चालणारं स्टॉपवॉच आहे. पहिला आवाज झाला की सुरू होतं, दुसरा झाला की थांबतं. व्हरांड्यात टेपने 10 मीटर मोजून दोन टोकांना दोन फोन ठेवले, प्रत्येकाजवळ एक मुलगी उभी केली. अलीकडच्या मुलीने टाळी वाजवली की तिच्याजवळचा फोन लगेच सुरू होतो, पलीकडचा आवाज पोहोचल्यावर, म्हणजे जरा उशिरा. मग पलीकडचीने टाळी वाजवायची. तिचा फोन लगेच थांबतो, अलीकडचा जरा उशिरा. म्हणजे अलीकडचा फोन लवकर सुरू झाला आणि उशिरा थांबला. दोन्ही आकड्यांतला फरक म्हणजे आवाजाला 10 मीटर जायला आणि 10 मीटर यायला लागलेला वेळ.

अलीकडे 1.873 सेकंद आलं, पलीकडे 1.815. फरक 0.058. वीस भागिले 0.058. नववीतल्या मुलीने वहीच्या कडेला भागाकार केला आणि 345 असं म्हणाली. वर्गात एकदम गलका झाला. मलाही फार आनंद झाला, तो मी लपवला नाही.

पण खरी शिकवण त्यानंतर झाली. एका गटाचं उत्तर 172 आलं. ते खोडायला निघाले होते, मी खोडू दिलं नाही. “344 च्या निम्मं आलंय, मग अर्धं काय राहिलं?” एवढंच विचारलं. पाच मिनिटं त्यांचं आपसात भांडण झालं, मग एकजण म्हणाला, “मॅडम, आम्ही परत यायचं अंतर धरलंच नाय.” पाठ्यपुस्तकातल्या आकड्याने हे घडलं नसतं, कारण तो चुकू शकत नाही.

याच प्रयोगातला धडा शिक्षकांसाठीही आहे. फोन आधी विमान मोडवर टाका. माझ्या फोनवर मधेच घरून फोन आला, रिंग वाजली आणि स्टॉपवॉच तिथेच थांबलं. आवाजाची पातळीही आधी ठरवून घ्यावी लागते. किती मोठा आवाज झाला म्हणजे तो ‘आवाज’ धरायचा, हा आकडा ॲपमध्ये बदलता येतो. गडबडीच्या वर्गात तो वाढवावा लागतो. आमच्या शाळेला पत्र्याचं छत आहे, त्यामुळे जून ते सप्टेंबर मी ध्वनीचा एकही प्रयोग ठेवत नाही. पाऊस पडायला लागला की माझाच आवाज मागच्या बाकापर्यंत जात नाही, तिथे टाळी कुठली ऐकू येणार.

ध्वनीचं आणखी एक. ॲपमध्ये हव्या त्या वारंवारितेचा सूर वाजवता येतो. माणसाला 20 ते 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, असं पुस्तक म्हणतं. मी हळूहळू सूर वर नेत गेले आणि ऐकू येतंय तोवर हात वर ठेवायला सांगितले. मला साडेबारा हजारांनंतर काही ऐकू येईना, मुलांचे हात मात्र वर होते. सतरा हजारांच्या पुढे ते एकेक करून खाली आले. वयाप्रमाणे वरचे सूर ऐकू येणं कमी होतं, हे मुलांनी माझ्याकडे बघूनच शिकून घेतलं. आवाज मात्र कमीच ठेवा आणि फोन कुणाच्या कानाला लावू देऊ नका.

दहावीच्या गुरुत्वाकर्षणाला मी त्वरणाचा सेन्सर वापरते, आणि इथे शिक्षकाने स्वतः तयारी केल्याशिवाय वर्गात जाऊ नये. फोन बाकावर शांत पडलेला असतो आणि पडद्यावर आकडा दिसतो 9.8. मुलं लगेच विचारतात, फोन तर हलत नाही, मग त्वरण कसलं? पहिल्या वेळी मी गडबडले होते. घरी जाऊन दोन संध्याकाळी विचार केला. सेन्सरच्या आत एक अगदी बारीक वस्तुमान लवचीक आधारावर असतं. बाक फोनला खालून वर रेटतो, त्या रेट्याने ते आतलं वस्तुमान जरासं दबतं, आणि सेन्सर नेमकं तेच मोजतो. मग बाकच काढून घेतला तर?

वर्गात शिपाई मामांच्या खोलीतून दोन वाकळा आणल्या, घड्या घालून जमिनीवर ठेवल्या, आणि सव्वा मीटर उंचीवरून जुना फोन त्यांवर सोडला. आलेखात रेघ 9.8 वर सरळ चालली होती, ती एकदम जवळजवळ शून्यावर आली, अर्धा सेकंद तिथेच राहिली, मग वाकळेवर आदळताना उंच टोक. तो अर्धा सेकंद मुलांनी सूत्राने काढून पाहिला, 0.505 आला. अंतराळवीर यानात तरंगतात म्हणजे तिथे गुरुत्व नसतं, ही दरवर्षीची पक्की समजूत मी या आलेखावर बोट ठेवून काढते. पडणाऱ्या फोनवर पृथ्वीची ओढ होतीच, म्हणून तर तो पडला. नव्हता तो बाकाचा रेटा. यानही असंच सतत पडत असतं, फक्त पृथ्वीभोवती.

विद्युतधारेच्या धड्यातला ओरस्टेडचा प्रयोग, ज्यात तारेतून धारा सोडली की चुंबकसूची हलते, तोही चुंबकीय सेन्सरवर छान होतो. आमच्या भागात पृथ्वीचं क्षेत्र साधारण 40 मायक्रोटेस्ला दिसतं. तारेतून धारा सोडली की आकडा सरकतो, सेलची टोकं बदलली की उलट सरकतो. लोखंडी बाकावर करू नका आणि जोरदार चुंबक फोनजवळ नेऊ नका. नेलाच तर सेन्सर चुकीचं सांगायला लागतो, मग फोन हवेत इंग्रजी आठच्या आकारात फिरवून घ्यावा लागतो. प्रकाशाचा सेन्सर आयफोनवर मिळत नाही, आणि आमच्या स्वस्त अँड्रॉइडवर आकडे टप्प्याटप्प्याने उड्या मारतात. तो मी सोडून दिला.

आता अडचणी. सगळ्यांत मोठी अडचण ॲपची नाही, फोनची आहे. ॲप फोनमधल्या सेन्सरवर चालतं, आणि कमी किमतीच्या बऱ्याच फोनमध्ये जायरोस्कोप, म्हणजे फिरण्याचा वेग मोजणारा सेन्सर, नसतो. हवेचा दाब मोजणारा तर महागड्या फोनमध्येच सापडतो. सेन्सर नसला की यादीतला तो प्रयोग फिका दिसतो आणि उघडत नाही. म्हणून फोन जमवण्याआधी प्रत्येकावर ॲप टाकून यादी बघून घ्या. माइक आणि त्वरणाचा सेन्सर मात्र जवळजवळ प्रत्येक स्मार्टफोनमध्ये असतो, आणि वर सांगितलेले बहुतेक प्रयोग या दोनांवरच होतात.

मी मुलांना फोन आणायला सांगत नाही. कुणाच्या घरी चांगला, कुणाच्या घरी नाहीच, आणि तो फरक बाकावर मांडून ठेवायची मला इच्छा नाही. वर्गात पाच फोन आहेत. एक माझा, दोन सहकाऱ्यांचे, दोन जुने. जुन्यांपैकी एकाचा पडदा तडकलेला आहे आणि दोन्हींत सिम नाही. खरं तर सिम नसलेला फोनच वर्गात सगळ्यांत चांगला. त्यावर ना फोन येतो, ना मेसेज. तडकलेल्या पडद्याचाही उपाय ॲपमध्येच आहे. मेनूत रिमोट ॲक्सेस चालू केला की पडद्यावर एक पत्ता येतो, आणि हॉटस्पॉटवर जोडलेल्या लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये तो टाकला की आलेख तिथे दिसतो. फोन वाकळेवर पडतोय आणि भिंतीवर प्रोजेक्टरमधून रेघ खाली येतेय, हे 46 मुलं एकाच वेळी बघू शकतात.

नऊ-नऊ जणांचा गट, एक जण उरतो तो वेळ बघतो. गटात फोन एकाकडेच, बाकीचे टेप धरणारे, टाळीवाले, लिहिणारे, हिशेब करणारे. दर प्रयोगाला कामं बदलतात. पहिल्या वर्षी मी कामं ठरवून दिली नव्हती, तेव्हा फोन प्रत्येक गटात मुलांकडेच राहिला आणि मुली लिहीत बसल्या. हे मला तीन आठवड्यांनी लक्षात आलं, याचं वाईट वाटतं. आता फोन कुणाकडे, हे यादी ठरवते.

भाषेचं म्हणाल तर माझा फोन इंग्रजीत आहे, त्यामुळे पडद्यावर शब्द इंग्रजीच येतात. मी फळ्याच्या कडेला पाठ्यपुस्तकातले शब्द लिहून ठेवते: त्वरण, वारंवारिता, आयाम, चुंबकीय क्षेत्र, आणि समोर पडद्यावर कुठे काय दिसेल ते. आठवड्याभरात मुलांना गरज उरत नाही.

एक गोष्ट मी मुद्दाम टाळते. काही तयार प्रयोगांत ॲप आपणहून अंतिम उत्तर देतं. दोलकाची लांबी टाकली की गुरुत्व त्वरण लगेच समोर. अशा वेळी मुलाला करायला काही उरत नाही. मी नुसत्या सेन्सरचा आलेख उघडायला सांगते, आकडे वहीत, हिशेब वहीत. हवे तर आकडे एक्सेलमध्ये काढून घेता येतात, दहावीच्या मुलांना ते आवडतं.

पालकांचा विरोध झाला. एका वडिलांनी पालकसभेत उभं राहून विचारलं, “आम्ही घरी मोबाईल हातातनं काढून घेतोय, आन् तुम्ही शाळेत देताय?” प्रश्न योग्य होता. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीत 2024 मध्ये ग्रामीण भारतातल्या 14 ते 16 वयाच्या 82 टक्के मुलांनी स्मार्टफोन वापरता येतो असं सांगितलं. त्यांतल्या 57 टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, आणि 76 टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी. आमच्या गावचं चित्र याहून वेगळं असेल असं मला वाटत नाही. त्या वडिलांना मी आकडे सांगितले नाहीत. फोन टेबलावर ठेवला, त्वरणाचा आलेख भिंतीवर लावला आणि म्हटलं, जरा जवळ येऊन पाय आपटा. त्यांनी आपटला, रेघ थरथरली. मग टेबलावर बोटाने टकटक, मग चार जण एकदम उड्या.

आमचा तालुका कोयनेचा. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेचा भूकंप इथल्या म्हाताऱ्यांनी अंगावर घेतलाय, आणि छोटे धक्के आम्हाला नवे नाहीत. सभेला आलेले एक आजोबा बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिले. मग विचारलं, “त्या दिवशी हे असतं तर केवढी वर गेली असती?” मी सांगितलं की भूकंपमापक यंत्र याच्यापेक्षा कितीतरी नाजूक हालचाल टिपतं, फोनला ते जमणार नाही. पण मोठा धक्का त्यालाही कळतो, आणि 2023 पासून भारतात अँड्रॉइड फोनवर भूकंपाचा इशारा देण्यासाठी हेच सेन्सर वापरतात. त्या सभेनंतर मोबाईलवरून मला कुणी अडवलं नाही. दोन जुन्या फोनांपैकी एक त्या प्रश्न विचारणाऱ्या वडिलांनीच आणून दिलाय.

गुण द्यायचे तर पाचपैकी साडेचार. अर्धा मी राखून ठेवते, कारण नव्या शिक्षकाला यादी उघडल्यावर कुठून सुरुवात करावी हे कळत नाही. टाळीपासून करा.

शेवटी या वर्षीच्या नागपंचमीचं सांगते. शाळेमागच्या चिंचेला झोका बांधला होता. नववीतल्या एका मुलीने विचारलं, झोक्यावर फोन बांधला तर काय दिसेल? जायरोस्कोप नसलेलाच फोन हाताशी होता. तो कापडी पिशवीत घालून फळीला घट्ट बांधला आणि तिला हळू, लहान झोका घ्यायला सांगितला. झोका मधोमध आला की दोर सर्वांत जास्त ताणला जातो, म्हणून एका पूर्ण आंदोलनात आलेखावर दोन शिखरं येतात. वीस शिखरांना 43 सेकंद, म्हणजे एक आंदोलन 4.3 सेकंदांचं. आंदोलनाच्या वेळेवरून दोलकाची लांबी काढायचं सूत्र मी फळ्यावर लिहून दिलं होतं. दोराची लांबी निघाली 4.59 मीटर. मग एक मुलगा टेप घेऊन झाडावर चढला, फांदीपासून फळीपर्यंत भरलं 4.9.

तीस सेंटिमीटरची चूक कुठे झाली? टेप पुन्हा लावला, शिखरं पुन्हा मोजली. तेच आकडे. ती मुलगी फळीवर बसूनच होती. तिने पोटावर हात ठेवला आणि म्हणाली, “मॅडम, दोर फळीपर्यंत हाय, पण माझं वजन हितं हाय.”

मग ती उभी राहिली आणि उभ्यानेच झोका घेतला. या वेळी आंदोलन 4.0 सेकंदांचं भरलं.